रोमन पायदळाने आखूड तलवार का सोडून दिली?

निळीशाई:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे म्हणून धागा काढतेय. रोमन सैनिक म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे एकच चित्र येतं, लोखंडी पट्ट्यांचं चिलखत, वळवलेली मोठी आयताकृती ढाल आणि हातात आखूड तलवार, ग्लॅडियस. पण चौथ्या शतकातला रोमन सैनिक बघा, यातलं काहीच नाही! ढाल अंडाकृती किंवा गोल, हातात भाला, कमरेला लांब तलवार, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा आणि खाली पँट, म्हणजे ज्या जर्मन टोळ्यांशी हे लढत होते जवळपास त्यांच्यासारखाच दिसतो. मग ज्या तलवारीने सगळा भूमध्य समुद्राचा पट्टा जिंकला ती यांनी सोडली का? एका व्हिडिओत ठासून सांगितलंय की सैन्यात बाहेरचे लोक भरले, शिस्त गेली, कवायतीचा कंटाळा यायला लागला आणि आखूड तलवारीने अंगाशी भिडून लढायची हिंमत उरली नाही. मला हे पटत नाहीये, कारण लांब तलवार आल्यानंतरही पश्चिमेचं साम्राज्य अडीचशे वर्षं तरी चाललं, हिंमत गेलेलं सैन्य एवढं टिकेल का? पुढच्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर रोमवर बोलायचंय आणि तिथे ऐकीव काही सांगायची माझी इच्छा नाही. जाणकारांनी सविस्तर लिहा, लांबलचक प्रतिसाद चालतील.

खडूफळा:
ताई, प्रश्न आवडला. पण उत्तर जरा मागून सुरू करावं लागेल, कारण ग्लॅडियस ही रोमन लोकांची मूळची तलवार नव्हतीच. रोमचं अगदी जुनं पायदळ ग्रीकांसारखं लढायचं, गोल ढाल, हातात धरून खुपसायचा भाला आणि खांद्याला खांदा लावून उभी केलेली एक सलग फळी. शेजारच्या शहराशी मैदानात भांडायचं असेल तोवर हे चालून गेलं. मग इ.स.पू. 390 च्या सुमाराला गॉल लोक येऊन रोम लुटून गेले, आणि त्यानंतर साम्नाइट लोकांशी इ.स.पू. 343 ते 290 अशी अधूनमधून थांबत चाललेली युद्धं झाली ती मध्य इटलीच्या डोंगरात. तिथे सलग फळी कुठे लावणार? 321 मध्ये कॉडाइन खिंडीत अख्खं रोमन सैन्य कोंडलं गेलं आणि शरण आलं. याच काळात कधीतरी रोमन लोकांनी फळीचे तुकडे केले, प्रत्येक तुकडी म्हणजे मॅनिपल, दोन तुकड्यांमध्ये मोकळी जागा, आणि मागच्या रांगेतल्या तुकड्या पुढच्या मोकळ्या जागांच्या मागे, बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी. मोठी लांबट ढाल आणि फेकायचा भाला हेही याच काळात पुढे आलं. सॅलस्टच्या लिखाणात तर सीझरच्या तोंडी स्पष्ट वाक्य आहे की आपल्या पूर्वजांनी शस्त्रं साम्नाइटांकडून उचलली.

पॉलिबियस हा ग्रीक माणूस इ.स.पू. 167 मध्ये ओलीस म्हणून रोमला आला आणि त्याने हे सगळं स्वतः बघून लिहून ठेवलं म्हणून आपल्याला एवढं तपशिलात माहीत आहे. त्याच्या हिशोबाने एका लीजनमध्ये, म्हणजे रोमन सैन्याच्या एका मोठ्या पथकात, साधारण 4200 पायदळ. सगळ्यात पुढे 1200 वेलितेस, वयाने लहान आणि गरीब, हलके भाले फेकून मागे पळायचे, आणि त्यातले काही डोक्यावर लांडग्याचं कातडं घालायचे म्हणजे कोण कसं लढतंय ते अधिकाऱ्याला लांबून कळावं. त्यांच्या मागे हस्ताती 1200, मग प्रिन्किपेस 1200, आणि सगळ्यात मागे त्रिआरी 600, वयाने मोठे, मुरलेले, यांच्या हातात मात्र तोच जुना खुपसायचा भाला. पुढच्या दोन्ही ओळी हरल्या तरच यांची पाळी यायची, त्यामुळे 'गोष्ट त्रिआरींपर्यंत आली' अशी लॅटिनमध्ये म्हणच पडली. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे दमलेल्या माणसाला मागे घ्यायची सोय. ग्रीक फळी एकदा भिडली की भिडली, तिथे अशी अदलाबदल नाही.

आता तलवार. तिचं नावच ग्लॅडियस हिस्पानिएन्सिस, स्पेनची तलवार. हॅनिबलच्या युद्धाच्या आसपास, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या शेवटी, रोमन लोकांनी ती स्पेनमधल्या लोकांकडून घेतली. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ही पहिली ग्लॅडियस आखूड नव्हती! पातं साधारण 60 ते 68 सेंटीमीटर. खुपसायला टोक होतं आणि तोडायला धारही होती. लिव्हीने इ.स.पू. 200 चा प्रसंग दिलाय, मॅसेडोनियाच्या लोकांनी आपल्या पडलेल्या घोडेस्वारांची प्रेतं बघितली, खांद्यापासून तुटलेले हात, धडावेगळी झालेली डोकी, आणि त्यांचे चेहरे उतरले कारण तोवर त्यांनी भाल्याच्या आणि बाणाच्या जखमाच पाहिल्या होत्या. नुसतं भोसकायचं हत्यार असतं तर अशा जखमा झाल्या नसत्या. ती आखूड झाली नंतर. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या आसपासच्या काळात जिला माइन्झ प्रकार म्हणतात तिचं पातं 50-55 सेंटीमीटर, आणि पहिल्या शतकाच्या मध्यापासूनचा पॉम्पेई प्रकार तर त्याहून लहान, 45-50 च्या घरात. म्हणजे ताई, ज्या तलवारीने भूमध्य जग जिंकलं असं तुम्ही लिहिलंत ती आणि चित्रातली आखूड ती, या दोन वेगळ्या तलवारी आहेत, मध्ये दोनेकशे वर्षं गेली आहेत.

घाटमाथा:
खडूफळा सरांचा प्रतिसाद नेहमीप्रमाणे भरगच्च. माझं एक ठाम मत मांडतो. तलवारीचा एकटीचा विचार करून हा प्रश्न सुटणार नाही. रोमन पायदळाचं हत्यार म्हणजे तलवार अधिक ढाल अधिक पिलम अधिक दोन माणसांमधली जागा, हे चारही एकत्र. यातलं एक हललं की बाकीचे हलतात.

पिलम बघा. जवळपास दोन मीटरचा फेकायचा भाला, मागे जाड लाकडी दांडा आणि पुढे बोटाएवढी बारीक लोखंडी सळई, 60 सेंटीमीटर किंवा जास्तही, आणि टोकाला छोटंसं पिरॅमिडसारखं अणकुचीदार टोक. फार लांब जात नाही, वीस-तीस मीटरवरून फेकायचा. सगळं वजन मागच्या लाकडात, त्यामुळे टोकाने शत्रूच्या ढालीला भोक पाडलं की मागची बारीक सळई त्या भोकातून सरसर आत जाते आणि ढालीमागच्या माणसाला लागते. सगळीकडे सांगतात की पिलम वाकायसाठीच बनवलेला असायचा म्हणजे शत्रूला उलटा फेकता येऊ नये, पण आजकाल लोकांनी प्रतिकृती करून फेकून पाहिल्यात आणि सळई दरवेळी काही वाकत नाही. वाकली तर फायदाच, मुख्य काम भोसकायचं. सीझरने इ.स.पू. 58 मध्ये हेल्वेती लोकांशी झालेल्या लढाईचं वर्णन केलंय, शत्रूने ढाली एकमेकींवर चढवून धरलेल्या, त्यात एकेक पिलम दोन-दोन ढालींतून आरपार जाऊन त्या एकत्र खिळल्या गेल्या, लोखंड वाकलेलं, उपसता येईना, डावा हात अडकला, शेवटी त्यांनी ढाली टाकल्या आणि उघड्या अंगाने लढले. आता समोरच्याच्या हातात ढाल नाही, त्याची रांग विस्कटलेली आहे, आणि तुम्ही गळ्यापासून गुडघ्यापर्यंत झाकणारी ढाल घेऊन चालून जाताय. अशा वेळेला अंगाशी भिडून खुपसायला आखूड पातं उत्तम, ढालीच्या आडून हात फार बाहेर काढावाच लागत नाही.

त्या ढालीबद्दल. इजिप्तमध्ये फायूमच्या भागात एक अख्खी ढाल सापडली होती, पातळ लाकडी पट्ट्यांचे तीन थर आडवेउभे चिकटवून वर लोकरीचं नमदं, आपल्या प्लायवूडसारखीच रीत. तिच्या मापाने प्रतिकृती केली तर ती जवळपास 10 किलो भरते. जर्मनीत फ्रँकफर्टजवळ झालबुर्ग नावाचा रोमन किल्ला परत बांधून ठेवलाय, तिथे एका कार्यक्रमात मी अशी एक ढाल हातात घेतली होती, मुठीत आडवी दांडी धरायची, हात खाली सरळ. ती धरून चार पावलं चाललात की कळतं की हे आडोश्याइतकंच ढकलायचं आणि ठोसा मारायचंही हत्यार आहे.

खडूफळा:
+१. जागेचा मुद्दा फार महत्त्वाचा. पॉलिबियस म्हणतो की मॅसेडोनियाच्या फळीत प्रत्येक माणसाला तीन फूट जागा, आणि रोमन माणसाला तलवार फिरवायला आणि ढाल वळवायला त्याच्या दुप्पट. त्यांचा सरिसा भाला सहा मीटरच्या वर लांब, त्यामुळे पहिल्या रांगेच्या पुढे पाच रांगांची टोकं बाहेर यायची. हिशोब करा, एका रोमन माणसासमोर शत्रूची दोन माणसं आणि दहा टोकं! समोरासमोर याला उत्तर नाही आणि पॉलिबियस ते कबूलही करतो. पिदनाच्या लढाईत, इ.स.पू. 168, सेनापती एमिलियस पॉलस ती भाल्यांची भिंत चालून येताना बघून हादरला होता आणि नंतर ते स्वतःच्या तोंडाने सांगायचा. पण फळी पुढे सरकली, जमीन उंचसखल लागली, मध्ये फटी पडल्या आणि त्या फटीत रोमन छोट्या तुकड्या घुसल्या. एकदा आत शिरल्यावर सहा मीटरच्या भाल्याचा काय उपयोग? त्याआधी इ.स.पू. 197 मध्ये किनोस्केफालेला तर एका ट्रिब्यूनने, त्याचं नावही इतिहासाने ठेवलेलं नाही, वरून हुकूम आलेला नसताना वीस मॅनिपल बाजूला काढून सरळ शत्रूच्या पिछाडीवर नेले आणि लढाई फिरवली. मला हा प्रसंग फार आवडतो. सरिसावाल्याला मागे वळताच येत नाही, आणि रोमन बाजूला मधला अधिकारी स्वतःच्या डोक्याने वीस तुकड्या हलवू शकतो. जिंकवलं ते याने.

पारिजात_७:
छान चाललाय धागा. मला वाटतं पुढचा मोठा टप्पा म्हणजे रोमन सेनापती मारियस. इ.स.पू. 107 ला त्याने सगळ्या सुधारणा एका झटक्यात केल्या ना, मॅनिपल काढून कोहोर्ट आणल्या, जमीन नसलेल्या गरिबांना भरती केलं, सरकारी खर्चाने हत्यारं दिली, गरुडाचं निशाण दिलं, सगळं सामान पाठीवर लादलं म्हणून 'मारियसची खेचरं'. शाळकरी पुस्तकापासून हेच वाचत आलोय.

घाटमाथा:
पारिजात, यातले सुटे सुटे तुकडे खरे आहेत पण एका माणसाने एका वर्षात केलेली सुधारणा असं जे पॅकेज बनवलंय त्यावर आता बऱ्याच इतिहासकारांचा विश्वास उरलेला नाही आणि माझाही नाही. एकेक घ्या. कोहोर्ट म्हणजे तीन ओळींतला एकेक मॅनिपल एकत्र करून केलेली मोठी तुकडी. पॉलिबियसच हा शब्द इ.स.पू. 206 च्या इलिपाच्या लढाईत वापरतो, स्पेनमध्ये, म्हणजे मारियसच्या शंभर वर्षं आधी. स्पेनमध्ये डोंगराडोंगरात टोळ्यांशी लढताना मॅनिपल लहान पडायचा, 120 माणसं एकटी पाठवली तर कापली जायची, आणि अख्खं लीजन पाठवणं शक्य नसायचं, त्यातून ही मधल्या आकाराची तुकडी रुळली. सरकारी खर्चाने कपडे द्यायचा कायदा गायस ग्राकसचा, इ.स.पू. 123 चा. मालमत्तेची अट तर आधीपासूनच खाली खाली येत होती. 107 मध्ये मारियसने बिनजमिनीच्या लोकांना स्वेच्छेने भरती केलं हे खरं, आणि गरुड हे लीजनचं एकमेव मुख्य निशाण त्याने केलं असं प्लिनी सांगतो, आधी लांडगा, घोडा, रानडुक्कर वगैरे पाच निशाणं होती.

पण परिणाम मात्र मोठा झाला हे मान्य. इ.स.पू. पहिल्या शतकात सीझरच्या वेळेपर्यंत हस्ताती-प्रिन्किपेस-त्रिआरी हा हत्यारांचा फरक संपला, वेलितेस दिसेनासे झाले, आणि सगळ्यांना एकच सामान: पिलम, ग्लॅडियस, मोठी ढाल, कड्यांचं चिलखत. दहा कोहोर्टचं लीजन, पुढे साम्राज्यात कोहोर्ट म्हणजे 80-80 च्या सहा सेंच्युरी, 480 माणसं. आता सेनापती दोन ओळी लावू शकतो, तीन लावू शकतो, हवी तर चौथी. फार्सालसला, इ.स.पू. 48, सीझरने नेमकं हेच केलं. प्रतिस्पर्धी पॉम्पीचं घोडदळ खूप जास्त होतं हे बघून तिसऱ्या ओळीतून कोहोर्ट काढून उजव्या बगलेला एक चौथी तिरपी ओळ लपवून ठेवली. प्लुटार्क सांगतो त्यांना हुकूम होता की पिलम फेकायचा नाही, हातात धरून घोडेस्वारांच्या तोंडावर रोखायचा. बघा, फेकायचा भाला गरज पडल्यावर खुपसायचा भाला झाला. हे पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

ऐरण:
मी धातूकाम शिकलेला माणूस, त्यामुळे चिलखतावर लिहितो. त्या पट्ट्यांच्या चिलखताला आज लोरिका सेगमेन्टाटा म्हणतात. सिनेमात दाखवतात तसं ते रोमच्या हजार वर्षांत सगळीकडे होतं असं अजिबात नाही. ऑगस्टसच्या काळात दिसायला लागतं, तिसऱ्या शतकात नाहीसं होतं. इ.स. 9 मध्ये जर्मनीच्या जंगलात वारूसची तीन लीजन मारली गेली, त्या ठिकाणी म्हणजे काल्क्रीझला 2018 साली जवळपास अख्खं असं चिलखत मिळालं, आतापर्यंतचं सगळ्यात जुनं तेवढं पूर्ण. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ कॉर्ब्रिजला 1964 मध्ये एका लाकडी पेटीत अशाच चिलखतांचे भाग निघाले, त्यावरून ते जोडायचं कसं हे पहिल्यांदा नीट कळलं.

याचे फायदे मोठे आहेत. पट्ट्या एकमेकांवर सरकतात, खांद्यावरचा वार घसरून जातो, कड्यांच्या चिलखतापेक्षा वजन कमी, आणि करायला वेळही कमी कारण कड्यांच्या चिलखतात हजारो कड्या एकात एक ओवून रिबीट मारत बसायला लागतं. मग सोडलं का? कारण बिजागऱ्या, बकलं आणि आतले चामड्याचे पट्टे. पितळेच्या त्या पातळ बिजागऱ्या तुटतात, चामडं कुजतं, पितळ-लोखंड जिथे एकमेकाला लागतं तिथे गंज लवकर धरतो. कॉर्ब्रिजच्या तुकड्यांवर तर दुरुस्त्याच दुरुस्त्या आहेत. मोठ्या छावणीत लोहार हाताशी असतो तोवर ठीक. कड्यांचं चिलखत उलट कुणालाही बसतं, एक कडी तुटली तर दुसरी घाला, वाळू-तेलात घोळवलं की गंज जातो. म्हणूनच ते आधीही होतं, मध्येही होतं आणि शेवटपर्यंत राहिलं.

आणि एक. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर, जो इ.स. 113 चा, सगळे लीजनवाले पट्ट्यांच्या चिलखतात छान एकसारखे कोरलेत. पण स्तंभावर कोरलेल्या त्याच डेशियन युद्धांचं स्मारक रोमानियात अदामक्लिसीला आहे, तिथे कोरलेल्या सैनिकांच्या अंगात कड्यांचं किंवा खवल्यांचं चिलखत आणि उजव्या हातावर खांद्यापासून मनगटापर्यंत पट्ट्यांचं कवच. कारण डेशियन लोकांची फाल्क्स, आतून धार असलेलं विळ्यासारखं दोन हातांनी मारायचं हत्यार, ढालीवरून येऊन हात तोडायचं किंवा शिरस्त्राण फोडायचं. त्याच काळात शिरस्त्राणांवर माथ्यावरून दोन आडव्याउभ्या लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या मिळतात. मला अदामक्लिसी जास्त विश्वासाचं वाटतं, ते सरहद्दीवर उभं केलेलं आहे, करणाऱ्यांनी खरे सैनिक रोज बघितलेले असणार.

निळीशाई:
किती सुंदर माहिती देताय सगळे, सगळं वहीत उतरवून घेतेय. पण माझा मूळ प्रश्न अजून तिसऱ्या शतकावर अडलाय. समोर शत्रू पायी, ढाल घेतलेला असेल तर पिलम-ग्लॅडियस उत्तम हे कळलं. मग बदललं काय? शत्रू बदलला की सैनिक बदलला?

खडूफळा:
दोन्ही, आणि कामही बदललं. आधी शत्रूबद्दल. इ.स.पू. 53 मध्ये कऱ्हाई इथे रोमन सेनापती क्रॅससची सात लीजन पार्थियन घोडेस्वार तिरंदाजांसमोर उभी होती. ते जवळच येत नाहीत! बाण संपायची वाट बघत रोमन उभे राहिले तर बाणांनी लादलेले उंट मागून येतच होते. वीस-तीस मीटरवर जाणाऱ्या पिलमचा तिथे काय उपयोग? ही एक लढाई झाली म्हणून सैन्य बदललं असं नाही, पुढे अडीचशे वर्षं तीच हत्यारं राहिली. पण दुसऱ्या शतकापासून डॅन्यूबच्या पलीकडे सार्मेशियन, अलानी असे लांब भाल्यांचे घोडेस्वार आणि तिसऱ्या शतकात पूर्वेला सासानी इराण, अशी घोड्यावरची माणसं रोजचीच झाली.

इ.स. 135 च्या सुमाराला कपादोकियाचा गव्हर्नर अरियन याने अलानी लोकांविरुद्ध आपली फौज कशी लावायची त्याचा लेखी हुकूम ठेवलाय, तो वाचण्यासारखा आहे. लीजन आठ रांगा खोल, गच्च. पहिल्या चार रांगांच्या हातात लांब टोकाचे भाले, पहिल्या रांगेने ते घोड्यांच्या छातीवर रोखून धरायचे, मागच्यांनी त्यांना रेटा द्यायचा आणि डोक्यावरून भाले फेकायचे, त्यांच्या मागे तिरंदाज. आणि घोडेस्वार जवळ येईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. इथे सहा फूट जागा घेऊन तलवार चालवणारा माणूस कुठे आहे? नाही. भिंत आहे, भाला आहे. आणि भिंतीत उभं राहायचं तर खूप वळवलेली आयताकृती ढाल शेजारच्या ढालीवर नीट चढत नाही, सपाटसर अंडाकृती ढाल चढते. भाला हातात आला की तलवार दुसऱ्या नंबरचं हत्यार झाली, ती केव्हा काढणार तर भाला मोडल्यावर किंवा पाठलाग करताना, आणि तेव्हा थोडी लांब बरी.

घाटमाथा:
अगदी. आणि स्पाथा, म्हणजे ती लांब तलवार, काही आकाशातून पडली नाही. ती रोमन सैन्यात आधीपासूनच होती, साहाय्यक (म्हणजे रोमचं नागरिकत्व नसलेल्यांच्या) घोडदळाकडे, गॉल लोकांच्या लांब तलवारीवरून घेतलेली. तशीच अंडाकृती ढाल आणि भाला साहाय्यक पायदळाकडे होताच. इ.स. 83 च्या मॉन्स ग्रॉपियसच्या लढाईत, स्कॉटलंडमध्ये, अग्रिकोलाने पुढे लढायला बाटावी आणि तुंग्री या साहाय्यक तुकड्या पाठवल्या आणि लीजन मागे छावणीच्या तटाशी उभी ठेवली, त्यांना लढावंच लागलं नाही. म्हणजे पहिल्या शतकातच बिगरनागरिक साहाय्यक सैनिक मुख्य लढाई जिंकून देत होते. इ.स. 212 मध्ये काराकालाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिलं, मग लीजनवाला वेगळा आणि साहाय्यक वेगळा ही भिंतच पातळ झाली. दोघांचं सामान एकसारखं होत गेलं आणि त्यात साहाय्यकांचं सामान टिकलं.

कामाचं म्हणाल तर तिसऱ्या शतकात अख्खं लीजन एकत्र हलणं कमी झालं. एका लीजनमधून हजार-दोन हजार माणसं काढून डॅन्यूबवरून सीरियाला, तिथून परत ऱ्हाइनला अशी पळापळ, शिवाय आपापसातली गृहयुद्धं. छोट्या तुकडीला सगळंच करता यायला हवं, घोड्यांसमोर उभं राहणं, धाडीचा पाठलाग, तटबंदी राखणं.

पारिजात_७:
पण मग व्हेगेटियस? तो तर रोमन माणूस, त्याच काळाच्या आसपासचा, आणि तो लिहितो की सम्राट ग्रेशियनपासून पायदळाने कवायत सोडली, चिलखत जड वाटतं म्हणून काढून टाकायची परवानगी मागितली. हेच तो व्हिडिओवाला सांगतोय. तो पूर्ण खोटा कसा म्हणायचा?

खडूफळा:
व्हेगेटियस फार उपयोगी आहे पण तो लढलेला सेनापती नव्हे, जुन्या पुस्तकांवरून सम्राटाला 'पूर्वीसारखं करा' असा सल्ला देणारा माणूस आहे, त्यामुळे आजचं सगळं वाईट हे त्याला दाखवावंच लागतं. त्याच्या समोर अमियानस मार्सेलिनस ठेवा, तो स्वतः सैन्यात अधिकारी होता. इ.स. 357 ला स्ट्रासबुर्गजवळ रोमन सेनापती युलियनकडे 13,000 माणसं आणि समोर अलामानी ही जर्मन टोळी, अमियानसच्या मते 35,000. रोमन घोडदळ पळालं! पायदळ राहिलं. अलामानी पहिली फळी फोडून मधोमध घुसले तर तिथे प्रिमानी लीजन खांबासारखं उभं राहिलं आणि त्यांना थोपवलं. रोमन बाजूचे मेले 243 सैनिक आणि 4 अधिकारी. आकडे थोडे फुगवलेले धरले तरी हे शिस्त गेलेलं पायदळ नाही, लांब तलवार आणि भाल्याचंच पायदळ आहे. आणि व्हेगेटियसच्याच पुस्तकात प्लुम्बाटाचं वर्णन आहे, शिसं बसवलेला छोटा फेकबाण, प्रत्येकाच्या ढालीच्या आतल्या बाजूला पाच अडकवलेले, शत्रू नेहमीच्या भाल्याच्या टप्प्यात यायच्या आधीच फेकायचे. म्हणजे जिथे पूर्वी एक-दोन पिलम असायचे तिथे आता एका माणसाकडे लांब जाणारे पाच. याला आळस कसं म्हणणार!

378 ला एड्रियानोपलला मात्र सम्राट व्हॅलेन्ससकट पूर्वेच्या फौजेचा जवळपास दोन तृतीयांश भाग गेला. पण तिथलं वर्णन वाचा, भर ऑगस्टच्या उन्हात चालून आलेले तहानलेले सैनिक, डावीकडचं घोडदळ तुटल्यावर पायदळाची बाजू उघडी पडली आणि ते इतके दाबले गेले की तलवार उपसायला हात हलेना. इ.स.पू. 216 ला कॅनीला हॅनिबलने घेरलं तेव्हाही असेच दाबले गेले होते, आणि तेव्हा हातात ती स्पेनची किंवा तिच्याआधीची तलवार, मॅनिपलची पद्धत, सगळं होतं. अमियानस स्वतःच या दोन लढायांची तुलना करतो. तलवारीच्या लांबीने यातलं काहीच बदललं नसतं.

ऐरण:
लोहाराच्या बाजूने एक भर. लांब पातं चांगलं करणं अवघड असतं, लांबी वाढली की वाकायची किंवा मोडायची भीती वाढते. पॉलिबियस गॉल लोकांच्या तलवारीबद्दल सांगतोच की एका वारात वाकायच्या आणि पायाने दाबून सरळ करायला लागायच्या, सगळ्याच तशा नव्हत्या पण काही असणार. तिसऱ्या शतकापर्यंत रोमन कारागीर वेगवेगळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून, एकत्र ठोकून मधला गाभा करायचे आणि कडेला वेगळी धार लावायचे, त्या पात्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. अशी 70-80 सेंटीमीटरची पाती भरपूर संख्येत बनवता यायला लागली हेही एक कारण धरा. मागणी असली तरी कारखान्याला जमायला हवं ना.

निळीशाई:
माझं बोलायचं टिपण आता बदलतंय, 'ऱ्हास' ऐवजी 'भाल्याकडे वळण' असं काहीतरी. शेवटचं विचारते, दोन हत्यारांमधला हा बदल कुठे डोळ्यांनी बघता येतो का? कट्ट्यावर फोटो दाखवायचेत.

घाटमाथा:
दोन जागा सांगतो. एक सीरियातलं दुरा युरोपोस, इ.स. 256 च्या सुमाराला सासानींनी घेतलेलं रोमन ठाणं. तटाच्या आतल्या बाजूला टाकलेल्या मातीच्या भरावाखाली लाकूड, कातडं, रंग सगळं टिकलं. वळवलेल्या आयताकृती ढालीचा आजवर मिळालेला एकमेव चांगला नमुना तिथलाच, लाल रंगावर गरुड आणि सिंह रंगवलेला, आता अमेरिकेत येल विद्यापीठात आहे. आणि त्याच ठाण्यात त्याच काळातल्या रुंद अंडाकृती फळ्यांच्या ढाली मिळाल्या त्या कितीतरी जास्त. एकाच तटाआड जुनी पद्धत संपताना आणि नवी रुळलेली दिसते.

दुसरी डेन्मार्कमध्ये, इलेरुप नावाच्या दलदलीत. इ.स. 200 च्या आसपास तिथल्या लोकांनी हरवलेल्या शत्रूची हत्यारं मोडून, वाकवून देवाला म्हणून पाण्यात टाकली, त्यात रोमन कारखान्यात घडवलेल्या तलवारींची पाती शंभराच्या वर आहेत, काहींवर कारागिराचे शिक्केसुद्धा. बहुतेक लांब. ज्या वर्षांत रोमन पायदळ ग्लॅडियस सोडत होतं नेमक्या त्या वर्षांतली. ऑर्हूसच्या मोएसगार्ड म्युझियममध्ये मांडून ठेवल्यात. ऐरण म्हणतात ती लाटांची नक्षी त्यातल्या काहींवर अजून दिसते, फोटो घ्यायचे तर त्यांचे घ्या.